सोनारकाम करणाऱ्यांनी लिव्हरची तपासणी करताना हे विचारा: आमच्या तालुक्यातल्या लॅबचा अनुभव (5 पैकी 4)

आमचं यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात सोनाराचं दुकान आहे. बाबानं पंचवीसेक वर्षं दागिन्याचे तुकडे जोडायचा टाका लावला आणि त्यातला बराच काळ केडीएमचा, म्हणजे सोन्यात कॅडमियम हा विषारी धातू मिसळलेला. आता आम्ही तो बंद केला पण बैठकीच्या वरच्या टिनाले अजून पिवळट-तपकिरी थर चिकटून आहे, बोट फिरवलं की बोटाले लागते. सोनं 1064 अंशावर वितळते, कॅडमियम 767 लेच उकळते, म्हणून ज्योत लागली की पहिले त्याचाच धूर निघते अन् बाबाचं तोंड नेमकं त्याच्यावर.

दोन महिन्यांपासून बाबाले जेवण जाईना, थकवा बम, म्हणून तालुक्याच्या लॅबमधून लिव्हरची तपासणी केली. सेवा खरंच चांगली. पोट्टा सकाळी सातले घरी आला, "काका, मूठ आवळा" म्हटलं आणि एका टोचण्यात नस सापडली, जी बाबाची कोणालेच सापडत नाही. 400 रुपये घेतले, संध्याकाळी रिपोर्ट मोबाईलवर. एसजीपीटी 58, एसजीओटी 51, लॅबची मर्यादा 40.

रिपोर्ट घ्यायले गेलो तं तिथल्या मॅडमनं बसवून समजावून सांगितलं. हे दोन्ही एन्झाइम लिव्हरच्या पेशीच्या आत असतात, पेशीचं आवरण बिघडलं की रक्तात झिरपतात. आवरण मुख्यतः चरबीचं असते, आणि जवसाचं तेल डब्यात ठेवलं की कसं लवकर खवट होते, तशीच ती चरबीही खवट होऊ शकते. एरवी पेशीतलं ग्लुटाथायोन नावाचं रक्षक द्रव्य तिले सांभाळते, पण कॅडमियम त्यालेच पकडून बसते आणि मग आवरण उघडं पडते. एवढं नीट मले कोणी सांगितलं नव्हतं. पण हेही म्हणाल्या की फॅटी लिव्हरनं, औषधांनी, दारूनंही हे आकडे वाढतात, एसजीओटी तं स्नायूतूनही येते, त्यामुळे याच्यावरून कॅडमियमचंच काम आहे असं म्हणता येत नाही.

उलटही खरं आहे, आणि सोनारभावांनो हे लक्ष देऊन वाचा. लिव्हर एक प्रथिन बनवते, मेटॅलोथायोनिन, ते कॅडमियमले बांधून ठेवते, मग हळूहळू तो माल किडनीत जाऊन बसते आणि दहा-दहा, तीस-तीस वर्षं निघत नाही. म्हणून लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी निश्चिंत राहू नका. जुना साठा लघवीतल्या कॅडमियमवरून कळते, रक्तातलं जास्त करून हल्लीचं सांगते.

तक्रार इथंच आहे. पॅकेजमध्ये किडनीचं काहीच नाही आणि कामधंदा काय करता हे कोणी विचारत नाही. मी लघवीचं कॅडमियम मागितलं तं पोट्ट्यानं नेहमीचीच रंगीत झाकणाची डबी दिली. या तपासणीले धातूचा अंश नसलेली खास डबी लागते, नाहीतं आकडा चुकू शकते. मॅडमले फोन केला, त्यांनी बदलून दिली. सॅम्पल मुंबईले गेलं, सहा दिवस सांगितले अन् लागले अकरा, त्या अकरा दिवसांत आईनं रोज विचारलं. आकडा 3.6 आला, लघवीतल्या क्रिएटिनीनच्या (शरीरातला नेहमीचा टाकाऊ पदार्थ) ग्रॅममागे मायक्रोग्रॅममध्ये. अमेरिकेतल्या कामगार नियमात 3 च्या वर गेलं की जास्त लक्ष ठेवतात.

यवतमाळच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी अन् किडनीसाठी क्रिएटिनीन, बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन या तपासण्या करायला लावल्या, बाबाची बिडी बंद केली कारण तंबाखूतही कॅडमियम असते, आणि साफ सांगितलं की जुनं साठलेलं काढणारं खात्रीचं औषध नाही, अंग साफ करणाऱ्या पुड्या घेऊ नका.

एक स्टार कापला तो डबीचा अन् उशिराचा. मॅडमनं खास डब्या मागवून ठेवतो म्हटलं आहे, येत्या बाजाराच्या दिवशी आमच्या ओळीतले चार कारागीर माझ्यासोबत जाणार आहेत.