बडोद्यात जुने टेनामेंट घेताना केलेला सर्व्हे : दहा महिने राहिल्यानंतरचा अनुभव

बडोद्यात जुने घर घेऊ लागलेल्या माणसाला ‘सर्व्हे झाला का?’ हा प्रश्न किमान तीन जण विचारतात आणि तिघांच्या मनात तीन वेगळी कामे असतात. दलालाला सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड अभिप्रेत असते, बँकेला आपल्या व्हॅल्युअरची भेट, आणि क्वचित एखाद्या जाणत्या माणसाला घराच्या बांधकामाची तपासणी. आम्ही मांजलपूरमधले १९८६ साली बांधलेले टेनामेंट (सोसायटीतल्या छोट्या स्वतंत्र घराला इथे असे म्हणतात) जानेवारी २०२५ मध्ये तपासून घेतले आणि फेब्रुवारीत दस्तावेज, म्हणजे खरेदीखत केले. आता एक कडक उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा या घरात काढल्यानंतर तपासणीचा अहवाल पुन्हा पानोपान वाचला, त्यातली प्रत्येक नोंद प्रत्यक्ष घराशी ताडून पाहिली, आणि मगच हे लिहायला बसलो आहे.

बँकेच्या व्हॅल्युएशनविषयी प्रथम सांगतो, कारण आमची पहिली चूक तिथेच होणार होती. कर्ज मंजूर करण्यापूर्वी बँक आपला माणूस पाठवते, त्याची फी आपल्याकडूनच घेते, आणि त्यामुळे साहजिकच आपल्याला वाटते की घराची तपासणी झाली. आमच्याकडे आलेले गृहस्थ वीस मिनिटे थांबले. त्यांनी खोल्यांची मापे घेतली, बाहेरून चार फोटो काढले, जंत्रीचा, म्हणजे सरकारने ठरवलेला दर आणि आसपासच्या व्यवहारांचे भाव पाहून किंमत ठरवली आणि इमारतीचे उरलेले आयुष्य अंदाजाने लिहिले. त्यांच्या कामात मला काही खोट दिसली नाही. कर्ज बुडाले तर हे घर विकून पैसे वसूल होतील का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर त्यांना द्यायचे होते आणि ते त्यांनी दिले. स्लॅबच्या सळया गंजल्या आहेत का, हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेलाच नव्हता.

मांजलपूरच्या आधी आम्ही अकोट्यातले एक घर जवळजवळ नक्की केले होते. त्या घरासाठी आम्ही घरतपासणीचा व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीची साधी पाहणी करून घेतली. दोन तरुण आले, ओलावा मोजण्याचे यंत्र आणि थर्मल कॅमेरा घेऊन तीन तास फिरले आणि दुसऱ्या दिवशी साठ-पासष्ट नोंदींचा, भरपूर फोटोंचा अहवाल पाठवला. सैल बिजागऱ्या, गळणारा नळ, पोकळ वाजणाऱ्या फरश्या, अर्थिंग नसलेले दोन प्लग, सगळे नीट टिपलेले होते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात घरात किती पाणी आले होते, याविषयी मात्र त्यात एकही शब्द नव्हता. आणि त्या वर्षी बडोद्यात घर शोधणाऱ्या माणसाच्या मनात याहून मोठा प्रश्न दुसरा कोणता असणार? काळाघोड्याजवळ विश्वामित्री नदीची पातळी पस्तीस फुटांवर गेलेली आम्ही दांडिया बाजारात बसून ऐकली होती, आणि ३१ जुलै २०१९ चा, एका दिवसात वीस इंच पडलेला पाऊसही आमच्या लक्षात होता.

घरमालकांचे म्हणणे होते की पाणी ओट्यापर्यंत येऊन थांबले. भिंतींना नवी पुट्टी आणि नवा रंग होता, त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. शेजारच्या काकूंनी मात्र त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीवर उरलेली पाण्याची रेघ आम्हाला दाखवली. पुढे ज्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आम्ही मांजलपूरचे काम करून घेतले, त्यांना मी ही रेघ दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी गवंड्यांकडे असते तशी पारदर्शक लेव्हलची नळी पाण्याने भरली, एक टोक काकूंच्या रेघेशी धरले आणि दुसरे टोक मालकांच्या बैठकीच्या खोलीत नेले. पाणी स्थिर झाले तेव्हा त्याची पातळी फरशीपासून अकरा इंच वर होती. मग दाराच्या लाकडी चौकटी खालून किंचित फुगलेल्या दिसल्या आणि मीटरच्या पेटीमागे, जिथे रंगाचा ब्रश पोहोचला नव्हता, तिथे गाळाचा कोरडा थर सापडला. ते घर आम्ही सोडले. थर्मल कॅमेऱ्याने जे सांगितले नाही ते साध्या नळीने सांगितले, कारण ती धरणाऱ्याला नेमके काय शोधायचे ते ठाऊक होते.

या प्रसंगानंतर मी तपासणीच्या प्रकारांची निवड गांभीर्याने करू लागलो. माझा भाचा इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. त्याने घर घेतले तेव्हाची पद्धत त्याने मला समजावून सांगितली होती. तिकडे आर.आय.सी.एस. या सर्व्हेअरांच्या संस्थेने घराच्या तपासणीच्या तीन पातळ्या ठरवून दिलेल्या आहेत. पहिली नव्या आणि साध्या घरांसाठी, दुसरी सर्वसाधारण स्थितीतल्या घरांसाठी आणि तिसरी जुन्या, बदल केलेल्या किंवा वेगळ्या पद्धतीने बांधलेल्या घरांसाठी. प्रत्येक भागाला एक, दोन किंवा तीन असा क्रमांक दिला जातो आणि तीन म्हणजे तातडीने लक्ष घालण्याजोगे. आपल्याकडे जुन्या घराच्या खरेदीला अशी ठरलेली पायरी नाही, म्हणून ती पायरी घेणाऱ्यानेच ठरवावी लागते. आमचे घर चाळीस वर्षांच्या आसपासचे, नऊ इंची विटांच्या भारवाही भिंतींवर आर.सी.सी. स्लॅब टाकलेले, मागे नंतर वाढवलेली एक खोली असलेले आणि काळ्या मातीवर उभे. या चारांपैकी एकही गोष्ट असती तरी मी आज तपशीलवार तपासणीच सांगेन. पाच-सात वर्षांच्या फ्लॅटसाठी साधी पाहणी पुरेशी ठरू शकते, असेही माझे मत आहे.

कायद्याची बाजूही मला तेव्हाच नीट कळली. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विक्रेत्याने त्याला माहीत असलेला मोठा दोष सांगितला पाहिजे, पण तो दोष घेणाऱ्याला सर्वसाधारण काळजी घेऊन सापडण्यासारखा नसेल तरच. म्हणजे भिंतीवरची भेग दिसत असूनही आपण पाहिली नाही, तर ती आपली जबाबदारी. रेरा या स्थावर मालमत्ता नियमनाच्या कायद्यात बांधकामातल्या दोषांसाठी असलेली पाच वर्षांची हमी बिल्डरने ताबा दिल्यापासूनची आहे. चाळीस वर्षांच्या टेनामेंटला तिचा काही उपयोग नाही.

तपशीलवार तपासणीचे काम दोन दिवस चालले. इंजिनिअरांनी प्रथम काही न मोजता घराभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या गेलेल्या भेगा खडूने अधोरेखित केल्या. पूर्वेकडच्या भिंतीजवळ शेजाऱ्यांचे आसोपालवाचे झाड होते आणि सर्वांत रुंद भेग नेमकी त्याच भिंतीला होती. त्यांनी समजावले ते असे : काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, झाडाची मुळे तिच्यातला ओलावा आणखी ओढून घेतात, त्यामुळे पाया एका बाजूने किंचित खाली-वर होतो. भेग जुनी व ऋतूबरोबर हलणारी आहे की दरवर्षी वाढणारी आहे, हे एका भेटीत कोणालाच सांगता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहून दिले. भेगेच्या दोन्ही बाजूंना पितळेचे दोन छोटे स्क्रू बसवून त्यांच्यातले अंतर दर महिन्याला व्हर्निअर कॅलिपरने मोजायला सांगितले. ज्याला आपली मर्यादा लेखी मांडता येते, त्याच्या इतर निष्कर्षांवर माझा विश्वास त्या एका ओळीने वाढला.

स्लॅबची तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटली. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा पाहिला आणि अल्ट्रासॉनिक यंत्राने काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग मोजला. १९९२ च्या जुन्या भारतीय मानकाप्रमाणे हा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगले आणि तीनच्या खाली गेला तर शंकास्पद मानत असत. आमच्याकडे पुढच्या खोल्यांत तो साडेतीनच्या वर आला आणि न्हाणीघरावरच्या भागात तीनच्या खाली. त्यानंतर तिथे बोटभर छिद्र पाडून आतल्या नुकत्याच उघड्या पडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन फवारले. निरोगी काँक्रीट लगेच गडद गुलाबी होते. आमच्या न्हाणीघरात सळईच्या पातळीपर्यंत रंग आलाच नाही, म्हणजे सळईला गंजापासून वाचवणारा क्षारधर्म तिथे संपलेला होता. जुन्या स्लॅबमध्ये सळईखाली जेमतेम पंधरा मिलिमीटरचे कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर असतो आणि वर अगाशीवरचे चायना मोझेक, म्हणजे चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी फुटली असेल तर पाणी तिथवर पोहोचायला वेळ लागत नाही. माझी पत्नी रसायनशास्त्राची शिक्षिका होती. तिने तो रंग न आलेला डाग पाहिला आणि अहवाल येण्यापूर्वीच मला म्हणाली, “हा भाग आपल्याला दुरुस्त करावा लागणार.”

छिद्र पाडायला मालकांची लेखी परवानगी लागते आणि बानाखत, म्हणजे विसाराचा करार झाल्यावर ती मागण्यात अर्थ राहत नाही, कारण बान्याची (विसाराची) रक्कम हातातून गेलेली असते. आम्ही बानाखतापूर्वी तपासणी केली आणि तिच्या आधारावर दुरुस्तीचा अंदाज मालकांसमोर ठेवला. ते सरळ गृहस्थ निघाले. त्यांनी एक लाख साठ हजार रुपये किमतीतून कमी केले. तपासणीला सर्व चाचण्यांसह बावीस हजार रुपये लागले होते. घर पत्नीच्या नावावर घेतल्यामुळे गुजरातमध्ये स्त्रियांना नोंदणी शुल्काच्या एक टक्क्यात जी सूट मिळते, तिच्यातूनच हा खर्च भरून निघाला.

आता दहा महिन्यांनंतरचा ताळा. पूर्वेकडची भेग मे महिन्यात एक मिलिमीटरच्या थोडी वर होती, ऑगस्टअखेर ती निम्म्याहून कमी झाली, आणि आता पुन्हा किंचित उघडते आहे. म्हणजे ती ऋतूबरोबर हलते आहे, असा अंदाज तूर्त तरी खरा ठरतो. इंजिनिअरांच्या सांगण्यावरून आम्ही जोत्याभोवती तीन फूट रुंद फरसबंदी, घरापासून बाहेर उतार देऊन, करून घेतली आणि अगाशीचे (गच्चीचे) पाणी पाइपने थेट गटारीपर्यंत नेले. या दोन कामांइतका गुण दुसऱ्या कशाचा आला नसेल. न्हाणीघरावरचा स्लॅब मार्चमध्ये दुरुस्त केला. कव्हर फोडल्यावर सळया अहवालात लिहिल्या तितक्याच गंजलेल्या निघाल्या. अगाशीवर अठ्ठेचाळीस तास पाणी भरून ठेवले, तेव्हा अहवालात खूण केलेल्या दोन जागांपैकी एकच झिरपली.

बैठकीच्या खोलीतल्या ओलाव्याच्या बाबतीत अहवाल चुकला, असे मी म्हणेन. यंत्राने तिथे फार मोठे आकडे दाखवले होते आणि भिंतीत रासायनिक पट्टा भरण्याचा मोठा खर्च सुचवला होता. प्रत्यक्षात भिंतीला जुने क्षार होते, ज्यांना इथले कारागीर लूणो म्हणतात. क्षार असले की ही यंत्रे ओलावा असल्यापेक्षा जास्त दाखवतात. आम्ही प्लास्टर दोन फुटांपर्यंत काढून भिंत तीन महिने उघडी ठेवली आणि पावसाळ्यातही ती कोरडी राहिली.

दुसरी उणीव अधिक महागात पडली आणि तिचा दोष माझ्याकडे आहे. जुलैत पहिल्या मोठ्या पावसाला न्हाणीघराची मोरी उलटली. अंगणाखालचे जुने स्टोनवेअरचे पाइप सांध्यांत मुळे शिरून तुंबले होते आणि दोन ठिकाणी फुटलेही होते. ते बदलायला चाळीस हजारांच्या घरात खर्च आला. तपासणीच्या कराराच्या दुसऱ्या पानावर ‘जमिनीखालील गटारव्यवस्था समाविष्ट नाही’ असे स्वच्छ लिहिले होते. मी ते वाचले होते, पण पाइपमध्ये कॅमेरा घालून पाहण्याचे वेगळे पैसे द्यावेत असे मला वाटले नाही. जुन्या टेनामेंटसाठी तो कॅमेरा घालून घ्यावाच, असे आज मी कोणालाही आग्रहाने सांगेन. कराराचे ‘काय पाहणार नाही’ हे पान आधी वाचावे आणि त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर ते दुसरे कोण पाहणार, हे लिहून ठेवावे.

कागदांच्या बाबतीत इंजिनिअर, वकील आणि मोजणी यांची कामे एकमेकांना टेकतात. मागची खोली मंजूर नकाशात नव्हती हे इंजिनिअरांनी दाखवले, आणि ती मार्जिनमध्ये, म्हणजे मोकळ्या सोडायच्या जागेत येते म्हणून इम्पॅक्ट फी (विनापरवाना बांधकाम नियमित करण्याचे शुल्क) भरल्याचा कागद आहे का, हे वकिलांनी विचारले. तो कागद होता. मोजणीत प्लॉट प्रॉपर्टी कार्डावरच्या क्षेत्रापेक्षा चार चौरस मीटरने कमी भरला. शेजाऱ्यांशी बसून बोलल्यावर तो फरक जुन्या कंपाउंडच्या जाडीचा असल्याचे उभयपक्षी मान्य झाले आणि तसे लिहून घेतले.

पितळेचे स्क्रू अजून भिंतीला आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पत्नी अंतर मोजते आणि मी वहीत आकडा लिहितो. दोन उन्हाळ्यांचे आकडे हाती आल्याशिवाय त्या भिंतीला नवे प्लास्टर करायचे नाही, असे इंजिनिअरांनी सांगितले आहे, त्यामुळे बैठकीतून दिसणारी ती खडूची रेघ येत्या जूनपर्यंत तशीच राहील.