होंडा सिटीचे पुढचे ब्रेक: पॅड आणि डिस्क बदलल्यानंतरचे 14,000 किलोमीटर

माझी गाडी 2012 सालची होंडा सिटी आहे. तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रम आहेत. गेल्या वर्षी जूनमध्ये मी पुढच्या दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या) आणि त्यांना दोन्ही बाजूंनी आवळून वेग कमी करणाऱ्या पॅडचा पूर्ण संच नवा बसवून घेतला. त्यानंतर गाडी सुमारे 14,000 किलोमीटर चालली असून त्यात पुण्यातली रोजची रहदारी, एक अख्खा पावसाळा आणि चिपळूणला जाता-येता लागणारा कुंभार्ली घाट हे सगळे आले. आता या भागांविषयी खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

आधी हे काम का काढावे लागले ते सांगतो. त्याच्या आदल्या हिवाळ्यात एका गॅरेजने पॅड संपल्याचे सांगितले, डिस्क लेथवर फेसिंग करून, म्हणजे तिचा पृष्ठभाग खरवडून सपाट करून घेतली आणि त्यावर स्वस्तातले पॅड बसवून दिले. पॅड कोणत्या कंपनीचे हे मी विचारले नाही आणि खोकेही पाहिले नाही. पाच महिन्यांत महामार्गावर 80 च्या वेगाला ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरू लागले आणि पायाखालचे पेडल ठोके दिल्यासारखे उसळू लागले. मे महिन्यात गाडीत चौघे बसलेले आणि डिकी सामानाने भरलेली असताना कुंभार्ली घाट उतरत होतो. पोफळीच्या अलीकडे एका वळणावर पेडल नेहमीइतकेच घट्ट लागले, पण गाडी हवी तशी आवळली जाईना, आणि पॅडच्या जळक्या लायनरचा (घासणाऱ्या अस्तराचा) उग्र वास आत आला. दुसऱ्या गिअरवर वेग कमी करत मी गाडी कडेला घेतली आणि पाऊण तास तिथेच थांबलो. तापलेल्या चाकावर पाणी ओतण्याचा सल्ला जवळच्या एकाने दिला, तो मी ऐकला नाही, कारण लालबुंद व्हायच्या बेतात आलेल्या डिस्कच्या बिडावर (ओतीव लोखंडावर) थंड पाणी पडले तर त्याला तडा जाऊ शकतो.

पेडल घट्ट राहूनही ब्रेक न लागणे आणि पेडल मऊ होऊन खाली जाणे हे दोन वेगळे दोष आहेत. पहिल्यात पॅडमधला बांधणारा राळेसारखा पदार्थ तापून वायू सोडतो आणि घर्षण घटते. दुसऱ्यात बहुधा ब्रेक ऑइल उकळलेले असते किंवा त्यात हवा शिरलेली असते. माझा दोष पहिल्या प्रकारचा होता, म्हणून शोध पॅड आणि डिस्कपासून सुरू झाला.

परत आल्यावर दुसऱ्या मेकॅनिककडे चाके काढली. डिस्कची जाडी मोजताना एक गोष्ट अगदी जवळून पाहायला मिळाली. पॅड जिथवर घासतो तिथपर्यंतच डिस्क झिजते आणि बाहेरच्या काठावर न झिजलेली कड उभी राहते. व्हर्नियर (जाडी मोजायचा चिमटा) त्या कडेवर टेकला की जाडी खऱ्यापेक्षा जास्त दिसते. मेकॅनिककडे कडेच्या आत टेकवून मोजणारा मायक्रोमीटर नव्हता, म्हणून त्याने डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणे धरले, सगळ्याची मिळून जाडी मोजली आणि नाण्यांची जाडी वजा केली. उत्तर आले 18.7 मिलिमीटर. त्याच डिस्कवर किमान जाडी 19 मिलिमीटर अशी कोरलेली होती. म्हणजे फेसिंगच्या वेळी उरलेसुरले बीडही खरवडून गेले होते, आणि पातळ झालेल्या डिस्कला घाटातली उष्णता साठवून ठेवायला पुरेसे वजनच राहिले नव्हते. ज्याने डिस्क लेथवर चढवली त्याने हा आकडा वाचायलाच हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

थरथर आली की ‘डिस्क वाकली’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते, किंवा पॅडचा थर तिच्यावर असमान चिकटलेला असतो. माझ्या गाडीत त्याचे मूळ हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या मधल्या भागावर सापडले. डिस्क ज्या पृष्ठभागावर टेकते तिथे गंजाचा पापुद्रा होता. त्यामुळे डिस्क किंचित तिरकी फिरत होती आणि दर फेरीला पॅडला एकाच ठिकाणी घासत होती. हा पापुद्रा तसाच ठेवून महागातली महाग डिस्क बसवली असती तरी काही हजार किलोमीटरनंतर थरथर परत आली असती.

सुटे भाग घ्यायला मी नाना पेठेत गेलो. दुकानदाराने तीन-चार खोकी समोर मांडली, तेव्हा मी खोक्यावरच्या चित्रांकडे न पाहता पॅडच्या कडेला छापलेली दोन इंग्रजी अक्षरे पाहिली. त्यातले पहिले अक्षर पॅड सामान्य तापमानाला असतानाची पकड सांगते आणि दुसरे तापल्यानंतरची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, ‘एफ’ म्हणजे 0.35 ते 0.45 आणि ‘जी’ म्हणजे 0.45 ते 0.55. पॅड किती टिकेल हे या अक्षरांवरून कळत नाही, पण ज्याचे दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे आहे असा पॅड घाटवाल्याने घेऊ नये, एवढे नक्की कळते. स्वस्त संचावर ही अक्षरेच नव्हती. ब्रेक्स इंडियासारख्या जुन्या भारतीय कंपन्यांचा मालही बाजारात मिळतो, आणि ज्यांना खर्च आवरायचा आहे त्यांनी तो अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह घ्यायला माझी काहीच हरकत नाही. सिरॅमिक पॅडची धूळ कमी आणि आवाजही कमी, पण माझ्या वापरात त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजावेत असे काही दिसले नाही. भोके पाडलेली डिस्क मी विचारातच घेतली नाही. रोजच्या गाडीत त्या भोकांचा उपयोग फारसा नाही आणि तडे मात्र त्यांच्या कडेपासूनच सुरू होतात.

शेवटी डिस्क आणि पॅड दोन्ही होंडाचेच अस्सल घेतले, पॅड एफएफ दर्जाचे. पॅडला साधारण अडीच हजार आणि डिस्कच्या जोडीला सहा हजारांच्या आतबाहेर खर्च आला. जुन्या डिस्कवर नवे पॅड घालून यातले बरेच पैसे वाचवता आले असते, पण जाडी मोजल्यावर तो प्रश्नच उरला नाही.

बसवणी मी शेजारी उभे राहून करून घेतली आणि त्याचे समाधान आहे. हब तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केला. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसले. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या) सरकत्या पिना काढल्या तर डाव्या बाजूची एक पीन जवळजवळ जाम झालेली निघाली, आणि आतला पॅड बाहेरच्यापेक्षा निम्म्याने जास्त का झिजला होता याचा उलगडा तिथे झाला. पिनांना सिलिकॉन ग्रीस लावले, रबरी टोप्या बदलल्या आणि ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवे भरले. हे तेल हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो: डॉट 3 प्रतीला ताजेपणी किमान 205 अंश सेल्सिअस, ओलावा शिरल्यावर 140. कोकणात ये-जा असणाऱ्याने दोन वर्षांच्या पुढे ते ताणू नये. चाकाचे नट हवेच्या गनने न आवळता टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) 108 न्यूटन मीटरला, समोरासमोरच्या क्रमाने आवळायला लावले.

पहिले दोन दिवस ब्रेक थोडे सैल वाटले. मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 10 पर्यंत मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता, दहा वेळा वेग उतरवला आणि दर खेपेनंतर गाडी थोडी चालवून ब्रेक निवू दिले. त्यानंतर पकड जमली ती आजपर्यंत तशीच आहे. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज धरतो, तो पहिल्या दोन-तीन ब्रेकमध्ये निघून जातो. त्या वेळी येणाऱ्या घरघरीने घाबरू नये. चाकांवर काळी धूळ मात्र बसते आणि आठवड्याला पुसावी लागते, हे मी उणे म्हणून नोंदवतो. गेल्या महिन्यात मोजले तेव्हा पॅडचे अस्तर 8.5 मिलिमीटर होते. मी ते 3 मिलिमीटरवर आल्यावर बदलणार आहे. झीज दाखवणारी पत्री किंचाळेपर्यंत थांबणार नाही.

जानेवारीत चौघांसह तोच घाट पुन्हा उतरलो. चढताना जो गिअर लागला त्याच गिअरवर उतरलो, ब्रेक थोडा वेळ पण ठाम दाबून सोडत होतो. पोफळीला उतरून चाकाजवळ गेलो तेव्हा ऊब जाणवली, वास नव्हता. मागच्या ड्रमचे लायनर अजून जुनेच आहेत, ते पावसाळ्यापूर्वी उघडून पाहायचे आहेत.