छोट्या धंदेवाल्यांचा गट: वर्षभराहून जास्त काळ वापरल्यानंतरचा माझा अनुभव

निकाल आधीच सांगते, कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. पंधरवड्यातून एकदा बसून एकमेकांचा हिशोब बघणाऱ्या आमच्या गटाने मला एकही गिऱ्हाईक आणून दिलं नाही. तरी गेल्या काही वर्षांत माझ्या धंद्याला याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा झालेला नाही. तुमचा धंदा लहान असेल, निर्णय एकटीने किंवा एकट्याने घ्यावे लागत असतील आणि घरात त्यावर बोलायला कोणी नसेल, तर पुढचं सगळं वाचा.

मी अमळनेरची. उडदाचे पापड, नागलीचे पापड, ज्वारीचे बिबडे आणि कुरडया करून विकते. माघ लागला की काम सुरू, ते आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, श्वास घ्यायला फुरसत नसते. हंगामात लाटायला गल्लीतल्या आणि आसपासच्या बायका येतात.

गटात आम्ही आठ जण. पारोळ्याचे फॅब्रिकेशनवाले अप्पा, तापी ओलांडून चोपड्याहून येणारी केळी वेफर्सवाली वहिनी, एरंडोलचा रोपवाटिकेवाला, ठिबकचं फिटिंग करणारे दादा, मोबाइल दुरुस्तीवाला, मसाला कांडणारी ताई, शाळेचे गणवेश शिवणारी माझी मैत्रीण आणि मी. पंधरवड्यातून एकदा, आठवडी बाजाराचा दिवस सोडून, दुपारी जेवणं आटोपल्यावर अप्पांच्या ओळखीच्या एका रिकाम्या गाळ्यात बसतो. चहा आळीपाळीने. फी नाही.

ही भिशी नव्हे आणि बचत गटही नव्हे, हे नीट सांगते, कारण आपल्याकडे चार माणसं नियमाने बसली की लोक पहिला प्रश्न विचारतात, 'हप्ता कितीचा?' खान्देशात गल्लोगल्ली भिशी आहे, मी स्वतः एकीत आहे. बचत गटातही आहे. बचत गट उभे करणाऱ्या सरकारी माविमचं (महिला आर्थिक विकास महामंडळ) काम 1975 पासून आणि राज्याच्या 'उमेद' अभियानाचं 2011 पासून चालू आहे, त्या गटांमुळे आमच्या भागातल्या किती तरी बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले. पण बचत गटाच्या बैठकीत वेळ जातो तो वसुलीत, वहीत आणि अंगठ्या-सह्यांत. तुझा पापड दुकानदार कोणत्या भावाने घेतो आणि का, हे तिथे कोणी विचारत नाही. मराठी उद्योजकांनी एकमेकांना काम द्यावं म्हणून माधवराव भिडे यांनी 2000 साली सॅटर्डे क्लब सुरू केला, तो प्रकारही वेगळा. तिथे धंद्याला धंदा जोडून द्यायचा असतो. आम्ही एकमेकांना गिऱ्हाईक देत नाही. आम्ही एकमेकांचा हिशोब बघतो.

बैठकीची पद्धत साधी आहे. सुरुवातीला प्रत्येकाने मागच्या वेळी काय करीन म्हटलं होतं आणि ते झालं का, एवढंच सांगायचं. मग एकाचा नंबर. त्याने एकच अडचण मांडायची, आकड्यांसकट. अर्धा वेळ बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. ही अट ठिबकवाल्या दादांनी आणली. ब्रिटनच्या कोळसा खाणींमध्ये 1940 च्या दशकात रेग रेव्हन्स यांनी खाणींच्या व्यवस्थापकांना असंच एकत्र बसवून एकमेकांना प्रश्न विचारायला लावलं होतं, हे त्यांच्या वाचनात आलं होतं. सुरुवातीला ही अट सगळ्यांना जाचली. आपल्याकडे माणसाने अर्धं वाक्य बोललं की समोरचा 'मी सांगतो, तू असं कर' म्हणून मोकळा होतो. पण खरं काम त्या प्रश्नांच्या वेळातच होतं.

माझ्या पहिल्या नंबरला काय झालं ते सविस्तर सांगते. मी उडदाच्या पापडाचा खर्च फळ्यावर मांडला. एक किलो पापडामागे पीठ दळणावळीसह 140 रुपये, मिरे-हिंग-पापडखार-तेल 25, लाटायची मजुरी 60, पिशवी आणि लेबल 10. बेरीज 235. दुकानदाराला 260 ने देते, घरून थेट 320 ने विकते. म्हणजे दुकानात किलोला 25 सुटतात, असा माझा आणि घरच्यांचा समज. रोपवाटिकेवाला बराच वेळ फळ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "आक्का, तुनी मजुरी कोठे शे यामा?"

पहाटे उठून पीठ भिजवणं, कुटणं, लाट्या पाडणं, ऊन बघून पापड आत-बाहेर करणं, वजन, पॅकिंग, दुकानांच्या फेऱ्या, सगळं मीच करते. मग किलोमागे माझे 20 धरले. मोबाइलवाल्याने विचारलं, वाळताना आणि पॅकिंगमध्ये तुटतात किती? त्याचे 8. रिक्षा आणि एसटीच्या पार्सलचे 6. बेरीज गेली 269 वर. म्हणजे दुकानात दिलेल्या प्रत्येक किलोला नऊ रुपये पदरचे जात होते आणि घरच्या विक्रीत पन्नासच्या वर सुटत होते. आमच्या घरी सगळ्यांना वाटायचं की दुकानांमुळे धंदा मोठा झाला.

त्यातून तीन गोष्टी ठरल्या. दुकानाचा भाव 285 केला. एका दुकानाने माल घेणं थांबवलं, बाकीची थोडी कुरकुर करून राहिली. तुटके पापड आधी घरात खपायचे नाहीतर वाटले जायचे, ते आता वेगळ्या पिशवीत भरून खानावळींना जातात. आणि हंगामात दोन रविवार घरासमोरच मांडव टाकून थेट विक्री ठेवली. सासरहून आखाजीला माहेरी आलेल्या लेकी परत जाताना डबे भरून नेतात, ते गिऱ्हाईक दारातच होतं.

हे सीएने सांगितलं नसतं का? सांगितलं असतं, विचारलं असतं तर. पण त्यांच्याकडे आपण वर्षातून एकदा कागद घेऊन जातो. गटात पंधरा दिवसांनी कोणीतरी विचारणार असतं, 'भाव वाढवला का?' नुसत्या त्या विचारण्यानेच माणूस हलतो.

दुसरा मोठा फायदा उधारीत झाला. एक मोठा घाऊक घेणारा माझे पैसे हंगाम उलटून गेला तरी देत नव्हता. फोन केला की 'ताई, बघतो'. अप्पांच्या फॅब्रिकेशनमध्ये हे दुखणं जुनं, त्यामुळे त्यांना सगळं पाठ. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्यात लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. पण आजवर व्याजाच्या धमकीने त्यांचे पैसे फारसे निघालेले नाहीत. पैसे निघतात ते दुसऱ्या तरतुदीमुळे. 2023 च्या वित्त कायद्याने असं केलं की आमच्यासारख्यांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर घेणाऱ्याला तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. म्हणजे 31 मार्चपर्यंत दिले नाहीत तर त्या वर्षी त्याचा कर वाढतो.

म्हणून अप्पांचा सल्ला असा होता: बिलावर उद्यम नोंदणीचा (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) क्रमांक आणि पैशाची तारीख छापून घे, पोच म्हणून शिक्का घे आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात मालकाला फोन करू नकोस, त्याच्या हिशोबनिसाला कर. मी तसंच केलं. पैसे मार्च संपायच्या आत खात्यात आले. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, कोणाला पैसे देऊ नका, आणि माल द्यायच्या आधीच करून ठेवा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, हे संरक्षण माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. नुसता माल घेऊन विकणाऱ्या दुकानदाराला ते मिळत नाही.

चोपड्याच्या वहिनीचं प्रकरण थोडक्यात. तिने तळणीचं यंत्र घेण्यासाठी पीएमएफएमई या लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत अर्ज केला. त्या योजनेत जळगाव जिल्ह्याचं उत्पादन केळीच होतं, आणि अनुदान प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख. बँकेने प्रकल्प अहवाल परत केला. गटाने बसून तो अहवाल ओळ न ओळ वाचला. कच्च्या केळीचा भाव तिने वर्षभर एकच धरला होता, आणि रावेर-यावलचा भाव ज्याला माहीत आहे त्याला ते पहिल्या नजरेत खटकतं. दुरुस्त केल्यावर कर्ज मंजूर झालं. अनुदान हातात मिळत नाही, ते कर्जखात्याला जोडलेलं असतं, हेही तिला तिथेच पहिल्यांदा नीट कळलं.

आता जे जमलं नाही ते. सुरुवातीला गटात मसाल्याचे दोन जण होते. दोघेही चांगले, पण दोघांचीही तोंडं बंद. मिरची कुठून आणतो, कांडपाचा दर काय, कोणी सांगेना. शेवटी एक जण आपणहून थांबला. चीनमधल्या नानचांग शहरात दोन हजार आठशेहून जास्त लहान-नव्या कंपन्यांवर अशा गटांचा मोठा प्रयोग झाला आहे. त्यांतल्या काहींच्या व्यवस्थापकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले आणि त्यांना वर्षभर दरमहा भेटायला लावलं. न भेटणाऱ्यांच्या तुलनेत भेटणाऱ्यांची विक्री सरासरी 8.1 टक्क्यांनी वाढली, बैठका थांबल्यावरही पुढचं वर्षभर फरक टिकला. आणि माहितीची देवाणघेवाण जास्त झाली ती एकमेकांचे स्पर्धक नसलेल्यांमध्ये. आमच्या गाळ्यात आम्ही तेच बघितलं. तेव्हापासून एका धंद्याचा एकच माणूस, हा नियम पक्का.

हजेरी हे कायमचं दुखणं आहे. फेब्रुवारी ते मे मी अर्धी गैरहजर, जूनमध्ये गणवेशवाली मैत्रीण दिसत नाही, खरिपाच्या तोंडावर ठिबकवाले दादा शेतात. आठांतले पाच आले तर बैठक होते, चार आले की नुसत्या गप्पा होतात. यावर उपाय सापडलेला नाही. उसनवारीला मात्र आम्ही पहिल्या दिवसापासून बंदी घातली आहे. मागणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं, पण गटात पैसे फिरले की माणूस हिशोब उघडा ठेवायला कचरतो. व्हॉट्सॲपवर फक्त बैठकीची तारीख, बाकी काही नाही.

बायकांसाठी थोडं वेगळं सांगावंसं वाटतं. मी एकटी गेले असते तर टिकले नसते. पुरुषांमध्ये बसून आपला तोटा फळ्यावर लिहायचा, हे सोपं नाही. मैत्रीण शेजारी होती म्हणून जमलं. अहमदाबादला 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेच्या सेवा बँकेतल्या खातेदार बायकांना दोन दिवसांचं धंद्याचं प्रशिक्षण दिलं गेलं, त्यात काहींना मैत्रिणीला घेऊन यायला सांगितलं होतं. जोडीने आलेल्यांनी धंद्यासाठी कर्ज जास्त घेतलं, चार महिन्यांनी त्यांचा धंदाही वाढलेला दिसला आणि घरचं उत्पन्नही. मला त्याचं जराही आश्चर्य वाटलं नाही. एक ताई नवऱ्यासोबत यायची, तर प्रश्न तिला आणि उत्तर त्यांचं. त्यामुळे धंदा ज्याचा, बसायचं त्यानेच, हे आता आम्ही आधीच सांगतो. वेळही दुपारची ठेवा. रात्री आठची बैठक म्हणजे बायका बाद.

सुरू करायचं असेल तर गावाबाहेरचे दोघं-तिघं जरूर घ्या. गावातल्या माणसासमोर आकडा बोलायला जीभ अडखळते, कारण तोच आकडा उद्या लग्नात चर्चेला येतो. चोपडा आणि एरंडोलच्या माणसांनी आमचा गट मोकळा केला. पहिल्या दोन-तीन बैठका पोकळ वाटतील, कारण सगळे 'चाललंय बरं' म्हणतात. पहिला खरा आकडा फळ्यावर पडेपर्यंत धीर धरा, आणि तो कोणीतरी मुद्दाम टाकावाच लागतो.

माझा पुढचा नंबर पौषात आहे. पापड लाटायचं यंत्र घ्यावं का, हा प्रश्न मांडायचा आहे. यंत्राचं कोटेशन आणलं आहे, लाटणाऱ्या बायकांची हंगामाची मजुरी लिहून ठेवली आहे. यंत्र आलं तर त्यांच्यातल्या कितीजणींना पॅकिंगला आणि थेट विक्रीला लावता येईल, याचा तक्ता अजून करायचा आहे. त्याशिवाय अप्पा फळ्याकडे जाऊच देणार नाहीत.