कॅनडाची रीत, फ्रान्सची रीत आणि आपला गोवा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी सगळ्या एकाच भावात चालतात. पण लोकांनी मिसळून राहणं वेगळं आणि सरकारने त्याचं धोरण करणं वेगळं.

कॅनडाने ते १९७१ मध्ये केलं: अधिकृत भाषा दोन, अधिकृत संस्कृती एकही नाही. १९८८ मध्ये त्याचा कायदा झाला. आपापला वारसा जपा, सरकार पाठीशी आहे, असा त्याचा सूर. फ्रान्सची वाट उलटी. तिथे राज्याला दिसतो तो फक्त नागरिक. १९०५ पासून धर्म आणि राज्य वेगळे, २००४ पासून सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांना बंदी. हिशेब सरळ, पण पगडी बांधणाऱ्या शीख मुलाला तो महाग पडतो.

आपल्याकडे दोन्हींची सरमिसळ. पोर्तुगीज काळातली १८६७ ची नागरी संहिता अजून लागू आहे: लग्नाची सक्तीची नोंदणी, सहसा नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता, मुलांना ठरलेला वाटा. सगळ्या धर्मांना एकच कायदा, म्हणून हे फ्रेंच वळणाचं, तरी चर्चमधल्या लग्नासारखे अपवाद ठेवलेलेच. भाषेत मात्र कॅनडाची छटा. १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली. कोकणी रोमन लिपीत लिहिणारे, म्हणजे रोमी लिपीवाले, त्यावर नाराज, आम्ही मराठीवालेही पूर्ण खूश नाही. मला तरी कॅनडाची रीतच पटते; तिथे निदान भांडायला खुर्ची मिळते.