अंगणवाडीचं पाकीट: चव बरी, ताई एक नंबर, तरी साडेतीनच तारे

फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत म्हणतात. मी ठेवणार आहे, आणि जे चांगलं आहे त्याला चांगलंही म्हणणार आहे. हॉटेलातल्या मिसळीवर लोक पानभर लिहितात, मग ज्या पिठावर आमच्या गल्लीतली निम्मी पोरं वाढतात त्यावर कोणी चार ओळी लिहायला काय हरकत आहे?

माझं गोवंडीत पोळी-भाजीचं केंद्र आहे. पहाटेपासून हात पिठात, त्यामुळे पीठ बघितल्याबरोबर कळतं ते कसं आहे. नातू दीड वर्षाचा. सून घाटकोपरला एका मॉलमध्ये हाऊसकीपिंगला जाते, मुलगा डिलिव्हरीला. अंगणवाडीतून नातवाच्या नावाने टीएचआर येतं, म्हणजे घरी न्यायचं पाकीट. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना मिळतं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना वेगळं मिळतं.

आधी मालाबद्दल. आमच्याकडे सध्या येतं ते भाजलेल्या पिठाचं गोड पाकीट. फोडल्यावर आधी वास घ्यायचा, ही माझी धंद्याची सवय. खमंग वास आला तर माल ताजा. मागे एकदा उन्हाळ्यात खवट वासाचं पाकीट निघालं, तेलाचा अंश असलेलं कुठलंही पीठ पत्र्याच्या खोलीत तापलं की असंच होतं. परत नेलं, अंगणवाडीच्या ताईंनी दुसरं दिलं, एक शब्द न बोलता. दळण बारीक आहे, खडा कधी लागला नाही. गोडी मात्र माझ्या जिभेला जास्त वाटते. बाळाला एवढ्या गोडाची सवय लागली की मग डाळ-भात बघून तोंड फिरवतं.

पाकिटावर लिहिलंय कोमट पाण्यात कालवा. तसं केलं तर गुठळ्या होतात आणि कच्चट लागतं, मग पोरगं थुंकतं आणि आई म्हणते, पाकीट वाईट आहे. माझी रीत सांगते. मंद आचेवर कोरडं पीठ जरा परतून घ्या. गार पाण्यात कालवून गुठळी मोडा, मग शिजवा. उतरवताना चमचाभर तेल किंवा तूप आणि मूठभर शेंगदाण्याचा बारीक कूट घाला. चमचा तिरका केल्यावर भसकन ओघळलं तर पातळ झालं. ही घट्टपणाची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाळाचं पोट ते केवढं, त्यात पाणीच भरलं तर पोट भरतं आणि अंगाला काही लागत नाही. आमच्याकडे पेज, भाताचं पाणी, डाळीचं वरचं पाणी यांना फार मान. आजारी माणसाला ठीक आहे. वाढत्या बाळाला डाळीचं पाणी पाजायचं आणि खालची डाळ मोठ्यांनी खायची, हा कुठला न्याय?

पण पाकीट पातळ का होतं, त्याचं कारण रीत माहीत नसणं एवढंच नाही. पाकीट एकाच्या नावाचं आणि खाणारी तीन-चार. गोड खीर शिजली की मोठी भावंडं वाटी घेऊन बसणारच, त्यांना हुसकावणार कोण? मग सगळ्यांना पुरवायला पाणी वाढतं. सरकारी हिशोबाने या वयाच्या मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं द्यायची आहेत, तीही घरच्या जेवणाच्या वर. भरपूर वाटतं ऐकायला. त्यासाठी एका मुलामागे दिवसाला ८ रुपये, हा २०१७ साली ठरलेला दर. अतिकुपोषित मुलाला १२. माझ्या केंद्रात एक साधी पोळी ८ रुपयांना जाते, भाजी वेगळी. तेव्हा पाकीट बनवणाऱ्याने यात अजून काय घालायचं होतं, असं विचारायला माझी जीभ रेटत नाही. आणि 'घरच्या जेवणाच्या वर' म्हणजे घरी जेवण असायला हवं ना. महिनाअखेरीला पुष्कळ घरांत पाकीट हेच जेवण असतं.

आता ताई. साडेतीनातले बहुतेक तारे त्यांचे आहेत. आमची अंगणवाडी म्हणजे भाड्याची दहा बाय दहाची खोली, एका कोपऱ्यात पाकिटांची थप्पी, पावसाळ्यात ती थप्पी बाकड्यावर चढते. त्याच खोलीत तीन ते सहा वयाची मुलं बडबडगीतं म्हणतात आणि बचत गटाकडून आलेली खिचडी खातात. (खिचडीला डाळ थोडी जास्त चालेल. मटकीची उसळ असते त्या दिवशी मात्र मी स्वतः वास घेत दारात उभी राहते.) एवढ्या गर्दीत ताई प्रत्येक पोराचं वजन-उंची घेतात, फोनवरच्या पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमध्ये भरतात, वर कागदावरही उतरवून ठेवतात.

नातवाचा दंड त्यांनी पट्टीने मोजला तो १२.२ सेंटीमीटर भरला. पट्टीवर साडेबाराच्या वर हिरवं, साडेअकराच्या खाली लाल, मधलं पिवळं. आमचं पोरगं पिवळ्यात. बाजूला बसलेल्या म्हाताऱ्या लगेच सुरू झाल्या: बाप पण असाच होता, हाडाचा बारीक आहे, नजर लागली असेल. ताईंनी कोणाला खोडलं नाही. त्यांनी सुनेला विचारलं, "जन्माला आला तेव्हा किती किलो होता?" दोन किलो शंभर. "तुझं रक्त किती होतं?" कमी होतं, गोळ्या चालू होत्या, मळमळतं म्हणून ती मध्येच सोडायची. मग पुढचा प्रश्न: "दुपारी त्याला कोण भरवतं?"

काय खातो हे सगळे विचारतात. कोण भरवतं हे पहिल्यांदाच कोणी विचारलं. सून सातला घर सोडते, मी त्याच्या आधीच. दुपारी नातू शेजारच्या आजींकडे असतो. आजी प्रेमळ आहेत, पण त्यांच्याकडे अजून तीन पोरं, आणि दीड वर्षाच्या पोराला वाटीभर भरवायचं म्हणजे अर्धा तास जातो. एक घास तोंडात, दुसरा जमिनीवर, तिसऱ्याला पळापळ. त्यापेक्षा चहात बुडवलेलं बटर किंवा वाण्याच्या दारात माळेसारखी लटकलेली पाच रुपयांची पुडी सोपी. पोरगं गप्प बसतं. तास-दोन तासांनी खीर समोर ठेवली तर भूक मेलेली. वर तो चहा, जो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, हेही ताईंनीच सांगितलं.

गरिबी म्हणजे घरात धान्य नाही असं लोकांना वाटतं. आमच्या गल्लीत रेशनचा तांदूळ बहुतेकांच्या घरी असतो. नसतो तो वेळ. धुणीभांडी करणाऱ्या बाईला ना बाळंतपणाची पगारी रजा, ना कामाच्या ठिकाणी पाळणा. सहा महिने फक्त आईचं दूध द्या असं भिंतीवर रंगवलेलं असतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बाई कामावर हजर असते, नाहीतर काम दुसरीला जातं. अंगणवाडी काही तासांची, आणि तीही मोठ्या मुलांना बसवणारी. दीड वर्षाच्या पोराला तिथे दिवसभर ठेवता येत नाही. मला कोणी विचारलं की या सेवेत काय वाढवू, तर मी पाकिटातली चव नाही मागणार, पाळणाघर मागेन.

दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्या पट्ट्यात पाणी पाइपातून कमी आणि कॅनमधून, टँकरमधून जास्त येतं. ते पिंपात साठतं, त्यात तांब्या बुडतो, तांब्याबरोबर हात बुडतो. शौचालय सार्वजनिक, लहान पोरं गटाराच्या कडेला बसतात, आणि तीच पोरं त्याच गल्लीत रांगतात. पावसाळा आला की घरटी एकाला जुलाब. चांगलं घट्ट भरवून महिनाभरात जे काही वजन चढलेलं असतं ते चार दिवसांत उतरतं. ताईंनी समजावलं ते असं: वरचेवर जुलाब झाले की आतड्याला आतून सूज राहते, मग चांगलं खाल्लं तरी शोषलं जात नाही. आमच्या आज्या 'खाल्लेलं अंगाला लागत नाही' म्हणायच्या, तेच हे. पाकिटाने याला काय करावं? ते तर त्याच पाण्यात शिजतं. शिजवलेलं उकळतं तरी, पण वाटी-चमचा धुतला जातो त्याच पिंपातल्या पाण्यात.

जुलाबात हेल्थ पोस्टवरून, म्हणजे पालिकेच्या छोट्या आरोग्य केंद्रातून, जलसंजीवनी आणि झिंकच्या गोळ्या मिळतात. झिंक १४ दिवस द्यायचं असतं. जुलाब थांबल्यावर जवळजवळ सगळे बंद करतात, पुडक्यातल्या उरलेल्या गोळ्या देवाच्या फोटोमागे. आमच्या ताई येऊन फोटोमागे बघतात, खोटं सांगत नाही! खाणंही बंद करू देत नाहीत. पोट बिघडलंय म्हणून उपाशी ठेवायची पद्धत आमच्याकडे फार.

आता तारे कुठे कापले ते. जुलै २०२५ पासून पाकीट घेताना फोनवर चेहरा दाखवावा लागतो, आणि नोंद असते आईच्या चेहऱ्याची. चोरी होऊ नये म्हणून केलं असेल, चोरी झालेली मला तरी नको आहे. पण माझी सून पाकिटासाठी थांबली तर तिची अर्धी हजेरी जाते. आजीचा चेहरा काय वाईट आहे? वर आमच्या गल्लीत रेंज येत-जात असते, ताई फोन उंच धरून दारात उभ्या, आत पोरं रडतायत आणि रांग खोळंबलेली. ज्या घरात आई दिवसभर बाहेर आहे त्याच घरातलं मूल वाळतं, आणि नेमक्या त्याच आईला रांगेत बोलावलंय. यासाठी एक तारा पूर्ण कापला. उरलेला अर्धा गोडीचा आणि पाकिटावरच्या बारीक छपाईचा.

ताईंच्या पगाराचे तारे मी कापले नाहीत, कारण त्यांना पगार नाहीच, 'मानधन' आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका-मदतनिसांनी संप केला तो जानेवारी उजाडला तरी चालू होता, तेव्हा गल्लीतल्या बायका कुरकुरल्या. मी नाही कुरकुरले. एवढ्या कामाला मी तरी माणूस लावू शकले नसते तेवढ्या पैशांत.

सून रात्री फोनवर काहीबाही वाचून दाखवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली निघाली. रोडावलेल्यांचा देशाचा आकडा १९.३, म्हणजे आमचं श्रीमंत राज्य देशाच्या मागे. आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी सगळ्या देशात फक्त ११.३ टक्के. तेव्हा इमारतीतल्या लोकांनीही फार हसू नये, तिथेही बाळ मोबाईल दाखवून बिस्किटावरच वाढतं.

पोरगं लाल पट्टीत गेलं तर पाकिटावर विसंबू नका. शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीला ताईंनी धारावीला छोटा सायन हॉस्पिटलमधल्या पोषण केंद्रात पाठवलं. तिथे शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वांची औषधी पेस्ट देतात. ती मोजून द्यायची, पाणी न घालता, आणि भावंडांना अजिबात नाही. गोवंडीहून जायला लांब पडतं, बाईचा दिवस जातो, पण मुलगी उभी राहिली. पेस्ट मी बोटाला लावून चाखली, चिक्कीच्या पातळ भावासारखी आहे. बनवणाऱ्याला पूर्ण मार्क.

तर पाकीट घ्यायचं का? घ्यायचं, आणि लाजायचं काही नाही. दिवस गेल्याचं कळल्याबरोबर अंगणवाडीत नाव घाला, म्हणजे आईचंही पाकीट सुरू होतं. बाळंतपणाला गावी जाणार असाल तर आधी ताईंना सांगा, ट्रॅकरवरून नाव तिकडच्या अंगणवाडीत वळवता येतं. नाहीतर इथे नाव लटकत राहतं आणि तिकडे पाकीट मिळत नाही. आणल्यावर तारीख बघा, डब्यात काढून झाकण घट्ट लावा, पत्र्याजवळ ठेवू नका. आणि वाटप असेल त्या दिवशी सकाळी अकराच्या आत जा, नंतर रेंज जाते.