याल्टा की पॉट्सडॅम?

‘दोस्त राष्ट्रांत फूट कशी पडली’ यावर निबंध लिहायचाय, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1945 मध्ये, याल्टा आणि पॉट्सडॅमला दोस्त राष्ट्रांच्या नेत्यांच्या परिषदा झाल्या, त्यांतली कुठली धरू, असं एम.ए. करणाऱ्या भाचीने विचारलं. ‘याल्टात जगाची वाटणी झाली’ ही भाषणबाजी बाजूला ठेवून बघू.

माणसं: फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टात अमेरिकेचे रूझवेल्ट, ब्रिटनचे चर्चिल, रशियाचे स्टालिन. जुलैत पॉट्सडॅमला त्यांतले शेवटपर्यंत टिकले ते स्टालिनच. रूझवेल्ट वारले होते, त्यांच्या जागी ट्रुमन आले होते. चर्चिल परिषद चालू असतानाच निवडणूक हरले, त्यांच्या जागी ॲटली आले.

गरज: याल्टाच्या वेळी हिटलर जिवंत होता, जपानविरुद्ध रशिया हवा होता, म्हणून अमेरिकेने पडतं घेतलं. पॉट्सडॅमच्या आदल्या दिवशी, 16 जुलैला, अणुचाचणी यशस्वी झाली. 24 तारखेला ट्रुमननी स्टालिनच्या कानावर घातलं, तेही सहज बोलल्यासारखं, की आमच्याकडे विलक्षण संहारक नवं अस्त्र आहे. स्टालिन ढिम्म! हेरांकडून त्यांना या कामाची खबर आधीच होती. एकमेकांवरचा अविश्वास दाखवायला याहून बोलका प्रसंग मला सापडत नाही.

पैसा: याल्टात जर्मनीकडून 20 अब्ज डॉलर युद्धभरपाई हा चर्चेचा आधार मानली, निम्मी रशियाला. पॉट्सडॅमला मात्र ज्याने त्याने मुख्यतः जर्मनीतल्या आपापल्या ताब्यातल्या विभागातून वसूल करायचं ठरलं. जर्मनीच्या फाळणीची वाट इथून सुरू होते.

पोलंड: याल्टात मुक्त निवडणुकांचा शब्द. 1947 ची निवडणूक धडधडीत बनावट.

मोडलेली वचनं आणि पूर्व युरोप मांडायचा तर याल्टा. जर्मनी, अणुबॉम्ब, शस्त्रस्पर्धा हवी तर पॉट्सडॅम. प्रश्न दहाच मार्कांचा असेल तर डोळे झाकून पॉट्सडॅम.