भिंतीवरचा परवाना मी वाचलाच नव्हता

पाळणाघराचा परवाना समोरच लावलेला होता. सोनेरी चौकट, वर काच, खाली गोल शिक्का. मी त्याचा फोनवर फोटोसुद्धा काढला आणि नवऱ्याला पाठवला, 'परवाना आहे बरं का' म्हणून. वाचला मात्र दोघांनीही नाही.

मुलगी आठ महिन्यांची होती आणि माझी रजा संपायला नऊ दिवस उरले होते. एवढ्या घाईत जे पहिलं ठिकाण 'जागा आहे' म्हणतं ते चांगलंच दिसतं. भिंतीवर ढग आणि हत्ती रंगवलेले, संचालिकाबाई गोड बोलणाऱ्या. 'बारा मुलं आणि चार ताया' असा त्यांचा हिशोब. बाळांची खोली दाखवायला सांगितली तर म्हणाल्या, 'आत्ता नको, झोपलीत सगळी, जागी होतील.' किती जपतात मुलांना, असं मला वाटलं! तीन महिन्यांची फी आणि अनामत त्याच दिवशी भरली.

पहिल्या महिन्यातच ताया बदलू लागल्या. दर आठवड्याला दारात नवा चेहरा. विचारलं की उत्तर ठरलेलं, 'त्या सुट्टीवर आहेत.' सुट्टीवर गेलेली एकही ताई परत आली नाही. माझी लेक सकाळी दाराशीच माझ्या खांद्याला घट्ट धरायची. रुळेल हळूहळू, असं मी स्वतःला सांगत राहिले.

सहाव्या आठवड्यात एकदा ऑफिस लवकर सुटलं आणि मी न कळवता गेले. दार उघडायलाच पाच मिनिटं लागली. बाळांच्या खोलीत पडदे ओढलेले. मी दोनदा मोजलं, अकरा बाळं होती आणि त्यांच्याजवळ विशीतली एकच मुलगी. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे निदान एक माणूस हवा असा नियम आहे, हे मला नंतर कळलं. पण अकरांना एक पुरत नाही हे कळायला नियम कशाला हवा? माझी लेक जाड, मऊ गादीवर पालथी होती. या वयात बाळं आपली आपण पालथी होतात, ते एक वेळ ठीक. पण तोंडाशी दुपट्याची घडी होती आणि त्या घडीला दुधाची बाटली टेकवून दिलेली. हातात बाटली धरून पाजायला माणूसच नव्हतं. असं दूध ठसक्याने श्वासनलिकेत जाऊ शकतं. झोपवताना बाळाला उताणं ठेवावं; पालथं ठेवू नका, हे तर अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ १९९२ पासून सांगताहेत. गादी सपाट, टणक हवी. उशी, दुपटी, मऊ खेळणी काही जवळ नको.

बाहेर टेबलावर हजेरीचं पुस्तक उघडं होतं. चार तायांची नावं, येण्याची वेळ, जाण्याची वेळ 'सहा', पुढे चारही सह्या. घड्याळात सव्वातीन वाजले होते.

रात्री तो फोटो मोठा करून पाहिला. पाळणाघराचं नाव तेच, पत्ता दुसऱ्याच इमारतीचा. मुलांची कमाल संख्या पंधरा. वयोगट तीन ते सहा वर्षं. म्हणजे आठ महिन्यांच्या बाळाला ठेवायची परवानगी त्या कागदात कुठेच नव्हती. परवाना खोटा नव्हता, तो या जागेचा नव्हता. असा परवाना जागेसाठी, वयोगटासाठी आणि मुदतीसाठी दिलेला असतो, व्यवसायाच्या नावापुरता नाही, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं.

परवाना देणाऱ्या कार्यालयात दुसऱ्या दिवशी फोन केला. दहा मिनिटांत कळलं की या पत्त्यावर परवानाच नाही आणि जुन्या जागेत ठरल्यापेक्षा जास्त मुलं ठेवल्याची नोंद तपासणीत दोनदा झालेली आहे. ही माहिती कोणीही विचारली असती तरी मिळाली असती. अमेरिकेत तर २०१४ च्या कायद्याने अशा तपासण्यांचे निकाल राज्यांना इंटरनेटवर टाकावे लागतात. एखाददुसरी किरकोळ त्रुटी बहुतेक केंद्रांत सापडते, तिने घाबरू नये. तीच त्रुटी पुन्हा पुन्हा लिहिलेली दिसली, की तिथून निघावं.

पैसे गेले. प्रवेश अर्जाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात 'कोणत्याही कारणास्तव परतावा नाही' असं होतं आणि खाली माझी सही. मी लेखी तक्रार केली, फोटो जोडले. तपासणी झाली तेव्हा बाईंनी इतर पालकांना सांगितलं की, एक आई मत्सरापोटी हे करतेय. दोघी-तिघींनी माझ्याशी बोलणं सोडलं. त्यांचा राग मी समजू शकते. त्यांनाही सोमवारी सकाळी कामावर जायचं होतं.

नवीन ठिकाण शोधताना परवान्याचा क्रमांक आधी उतरवून घेतला आणि फोन करून पडताळला. मुलं झोपलेली असतानाच खोली पाहू द्या म्हटलं. तिथल्या बाईंनी चपला काढायला लावून आत नेलं. सगळ्यांत जुनी ताई किती वर्षं आहे, हे संचालिकेला न विचारता त्या ताईलाच विचारलं. भिंतीला रंग कसला होता, आठवत नाही.

गेल्या आठवड्यात मला उशीर होणार होता म्हणून या नव्या ठिकाणी मुलीला आणायला भावाला पाठवलं. घेऊन जाणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. ताईंनी मला फोन लावला, मी मीटिंगमध्ये होते, उचलला नाही. मुलगी 'मामा, मामा' करत काचेतून हात हलवत होती, तरी त्याला पस्तीस मिनिटं दाराबाहेर उभं केलं. तो अजून फुगलेला आहे.